कोटाची मालकीण

३ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार घालायचा असतो. पण माझे गुडघे आणि तुझे प्रताप लक्षात घेता मी उभ्यानंच बोलते.

आज सकाळी एक जाडजूड पाकीट आलं. नाव तुझं, पत्ता आपल्या जुन्या घराचा, म्हणजे आता माझा. फोडलं. दुसऱ्याची पत्रं फोडू नयेत हे शाळेत सिस्टरनी छडी मारून शिकवलं होतं, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडून दिल्या की ते शिक्षण जरा पातळ होतं.

आत इंग्रजी पत्र आहे, सोनेरी शिक्क्याचं. बाविसाव्या वर्षी तू ज्या गावात लढाईवर होतास, त्या गावच्या नगरपालिकेचं. पुलाला सुरुंग लावून तो उडवायच्या हँडलवर तुला एकट्याला बसवलं होतं, तू ते हँडल दाबलं नाहीस, म्हणून चारशे माणसं जिवंत नदीपार आली, असं लिहिलंय. तुमच्या तुकडीत कुणाला कुठं बसवलं होतं त्याचा कागद आत्ता कुठल्याशा कपाटात सापडला, त्यात तुझं नाव निघालं. चोवीस एप्रिलला पुलावर जुन्या सैनिकांच्या सन्मानाचा समारंभ आहे. तू आणि सोबत एक जण, असं बोलावणं आहे.

सत्तावन्न वर्षं! सत्तावन्न वर्षं या कानाची त्या कानाला खबर नाही. आपल्या लोकांनी तुला काय दिलं? एक घोंगडी आणि एक प्रमाणपत्र, आणि त्यावर फोटो भलत्याचाच. आई तो बघून म्हणाली होती, "हा मिशीवाला कोण घरात घुसलाय?" आणि तिकडचे परके लोक शोधून शोधून पत्र पाठवतायत. मला इतका संताप आलाय की सकाळपासून दोनदा चहा उतू गेला.

आपण दोघं जातोय. सबबी सांगू नकोस.

तुझी मिरची (वय सत्तर, तिखटपणा कायम)


१२ फेब्रुवारी

मिरचे,

पत्र मिळालं. मी येणार नाही. तूही जाऊ नकोस.

गुडघे, रक्तदाब, दात. यातलं तुला जे पटेल ते कारण धर.

हँडल दाबलं नाही हे खरं आहे. वायर तुटली होती. तेव्हाच साहेबांना तसं सांगितलं होतं, त्यांनी ते मान्य केलं होतं. तुटलेल्या वायरीचा सत्कार कसला करतात? नम्र नकार कळव. इंग्रजी तुझं चांगलं आहे.

इकडे सगळं ठीक.

दादा


(याच पाकिटात, किराणा दुकानाच्या बिलामागे लिहिलेली चिठ्ठी)

वन्सं,

घाईत लिहिते, हे बाहेर गेलेत. सगळं ठीक नाही. तुमचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी पाचवं गजराचं घड्याळ आणलं. चारांनी माझे कान गेलेच होते. आता पहाटे पाच घड्याळं एकामागून एक केकाटतात आणि त्याआधीच हे खुर्चीत ताठ बसलेले असतात. पलंग मी लग्नात आणलेला, तो अजून नवाच आहे म्हणा ना.

तुम्ही जाणार असाल तर एक काम करा. ट्रंकेतल्या त्या कोटाची मालकीण भेटली तर तिला सांगा, कोट नीट आहे. दरवर्षी मी त्याला ऊन दाखवते. कसर लागू दिली नाही.

वहिनी


१९ फेब्रुवारी

दादा,

"वायर तुटली होती!" अरे, एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं मी दुसरं काय ऐकलं? ज्याला बोलायचं नसतं त्याचीच लाइन तुटते. नवरे, सावकार, उमेदवारी मागे घेणारे पुढारी, सगळ्यांच्या लाइनी तुटतात. तू का येत नाहीस ते मला पुरतं कळलंय.

तो कोट. करड्या लोकरीचा, बायकी, एक खिसा फाटलेला. तू परत आलास तेव्हा तुझ्या ट्रंकेत तळाशी होता. आईनं तो दोन बोटांनी उचलला आणि आठ दिवस कुणाशी बोलली नाही. तुझं लग्न ठरेपर्यंत तिला धास्ती होती, की तिकडची कुणी कोट मागायला दारात उभी राहील. आम्ही पोरींनी तिचं नाव कोटवाली ठेवलं होतं. तर तू कोटवालीला तोंड दाखवायला घाबरतोस. या वयात! तिचेही दात पडले असतील रे.

मी तेरा वर्षांची होते. तू परत आल्यावर खुर्चीत बसून असायचास, डोळे उघडे, नजर भिंतीपलीकडे. एका दुपारी तुझी मान खाली गेली. मी मागून कागदी पिशवी फुगवून फाट्कन फोडली. तू उठून मला अशी थोबाडीत मारलीस की कानात दोन दिवस गोम फिरत होती. तू ना माफी मागितलीस, ना मी विसरले. नंतर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये चौतीस वर्षं तू डोळ्याला डोळा न लावता नोकरी केलीस, म्हणून लोक तुला शिस्तीचा माणूस म्हणतात. म्हणू देत बापडे.

मी होकार कळवून टाकलाय. एकटी जाते, महिनाभर आधी, म्हणजे सगळी चौकशी करता येईल. भाषणही लिहितेय. विषय: माझा भाऊ आणि त्याचा जागता पहारा.

मिरची


४ एप्रिल

दादा,

पोचून आठवडा झाला. फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस म्हणून लिहितेय.

मी इथं एका निवृत्त शाळामास्तरणीकडे उतरले आहे. बाई सहासष्ट वर्षांची, विधवा, इंग्रजी स्वच्छ. घर तिच्या आईच्या बेकरीच्या वर. बेकरी आता भाचा चालवतो. पहाटे खालून पावाचा ऊबदार वास येतो आणि जमिनीच्या फटींतून वर पसरतो, जणू कुणी खालून पांघरूण घालतंय. खिडकीखाली नदी. सकाळी धुकं इतकं की नदी आहे हे नुसत्या आवाजावरून समजायचं. मग दहाच्या सुमाराला तुझा पूल हळूहळू दिसायला लागतो. आधी मधली कमान, अधांतरी. मग दोन्ही टोकं येऊन तिला मिळतात. रोज बघते, आणि रोज वाटतं, आज टोकं यायची विसरतील.

गाव मात्र विचित्र आहे. परवा बसमध्ये एक माणूस गाढ झोपला होता. कंडक्टरनं त्याचा थांबा आला तरी उठवलं नाही. शेवटपर्यंत नेलं आणि परत आणलं. मी म्हटलं, "अहो, उठवा की त्याला!" तर सगळी बस माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवते. काल नगरपालिकेत गेले तर टपाल घेणारा कारकून टेबलावर डोकं ठेवून झोपलेला, आणि समोर सहा माणसं रांगेत चुपचाप उभी. आपल्याकडे कारकून झोपतात, पण रांग तरी ओरडते! मास्तरणीकडे मी गजराचं घड्याळ मागितलं. म्हणाली, "घरात नाही. आमच्याकडे झोपलेल्याला उठवत नाहीत." मी म्हटलं, "मग तुमची पोरं शाळेत कशी जातात?" म्हणाली, "उशिरा."

तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला शेळीच्या गळ्यातली एक घंटा टांगलीय. हलवून बघितली, वाजत नाही. आत वाळून दगड झालेली कणीक कोंबलेली. असला नमुना कुणी शोभेला ठेवतं का?

तुझी चौकशी केली. पुलावर एक बुटका दगड आहे, त्यावर एक ओळ कोरलीय. इथल्या भाषेतली, मला वाचता येत नाही. मास्तरणीला विचारलं तर म्हणाली, "समारंभाच्या दिवशी सांगेन." माझं जागत्या पहाऱ्याचं भाषण तिला वाचून दाखवलं. ती तोंडाला रुमाल लावून खिडकीशी गेली. हसत होती, दादा! माझ्या भावाच्या पराक्रमाला हसत होती. मी त्या संध्याकाळी तिच्याशी बोलले नाही. तिनं सूप आणून ठेवलं. चांगलं होतं, त्यामुळे रागवायची पंचाईत झाली.

आणखी एक संताप. आज समारंभाच्या सूचनांचा कागद मिळाला. त्यात लिहिलंय, पाहुण्यांनी सहज काढता येतील असे बूट घालावेत. पूल सगळ्यांनी अनवाणी ओलांडायचा, बूट हातात घेऊन, एक शब्द न बोलता. या थंडीत! सत्तराव्या वर्षी!

कोटवालीचा पत्ता अजून नाही. शोध चालू आहे.

मिरची


१३ एप्रिल

मिरचे,

तुझं पत्र आज दुपारी आलं. हे लगेच लिहून जलद टपालानं टाकतो आहे. समारंभाआधी तुला मिळायला हवं.

वायर तुटली नव्हती. मी झोपलो होतो.

तीन दिवस आम्ही सुरुंग लावत होतो, कुणी डोळा मिटला नव्हता. पहाटे साहेबांनी मला टेकाडावर बसवलं आणि हुकूम दिला, पुलावर पाय ठेवील त्याच्यासकट उडवायचं, तो कोणी का असेना. बाकीचे मागे गेले. उजाडलं, पण धुकं होतं. हात हँडलवर होता. लाकडी मूठ, माझ्याच हातानं गरम झालेली. त्या उबेकडे लक्ष गेलं, तेवढं आठवतं. पुढं काही नाही. पाण्यात शिरावं तसा शिरलो.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं आणि अंगावर तो कोट होता. म्हणजे कुणीतरी येऊन मला झोपलेला पाहून गेलं होतं. हँडलशी झोपणाऱ्या शिपायाला काय शिक्षा असते ते तुला सांगायला नको. साहेब आले तेव्हा मीच वायर तोडून ठेवली होती. कोट तिथं टाकला असता तर कुणी विचारलं असतं, म्हणून पिशवीत कोंबला. पुढं फेकवेना. ज्यानं मला पाहिलं त्याचा तो होता. आईला जे वाटायचं ते वाटू दिलं. बरंच वाटलं, एका अर्थी. खरं त्याहून वाईट होतं.

आता लोक म्हणतात, यानं हँडल दाबलं नाही, दयाळू माणूस. मिरचे, मी बावीस वर्षांचा होतो आणि हुकमाचा पक्का होतो. जागा असतो तर दाबलं असतं. चारशे माणसांसकट. ते भाषण वाचू नकोस.

आता मुख्य गोष्ट. बुटांचं वाचलं आणि चष्मा काढून बसलो. त्या झोपेत मला एक स्वप्न पडलं होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. धुक्यातून खूप माणसं चालली आहेत, बायका, म्हातारे, पोरं. सगळ्यांचे पाय उघडे आणि बूट हातात. आवाज नाही. सुपात धान्य हलवल्यासारखी सरसर तेवढी. एक शेळी थांबून माझ्याकडे बघते. पुढंही ते अनेकदा पडलं. झोपायला गेलो की ती माणसं चालायला लागत. म्हणून मी आडवा होणं सोडलं.

मला ते स्वप्न वाटत होतं. पण ही बुटांची गोष्ट तिकडे कुठून आली? त्यांना विचार. ते स्वप्न नसेल तर मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मग मी कोण होतो, झोपलेला की जागा, ते मला ठाऊक नाही. उत्तर काहीही असो, गोड करून लिहू नकोस.

दादा

कागदी पिशवीचं मीही विसरलो नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. चुकलो.


२४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. मग भाषण फाडलं आणि बेकरीच्या भट्टीत टाकून आले. मास्तरणीला काही सांगितलं नाही आणि काही विचारलंही नाही. शाळेत सिस्टर म्हणायच्या, खरं बोलायचं असेल तर उभं राहून, सगळ्यांसमोर बोलावं, कोपऱ्यात कुजबुजू नये.

आज सकाळी धुकं होतं. पुलाच्या तोंडाशी सगळं गाव जमलेलं. आठ-दहा जुने सैनिक खुर्च्यांवर, काठ्या गुडघ्यांत धरून. छातीवरची पदकं त्यांच्या अंगाला आता मोठी होतात. तुझी खुर्ची मधोमध, रिकामी. नगराध्यक्षांनी तुझं नाव घेतलं, जमेल तसं, आणि मला बोलावलं.

मी म्हणाले, "मी खोट्या कारणासाठी सन्मान घ्यायला आलेली नाही. माझ्या भावानं तुमच्यावर दया केली नव्हती. तो झोपला होता. जागा असता तर त्यानं हँडल दाबलं असतं, हे तो स्वतः लिहितो. तो खोटारडा नाही, म्हणून हे पदक मी नेणार नाही."

आवाज एक्स्चेंजचा होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

नगराध्यक्षांनी मास्तरणीकडे पाहिलं. ती पुढं आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की तो झोपला होता. आणि जागा असता तर दाबलं असतं, हेही. म्हणून तर बूट काढले."

मग तिनं मला त्या बुटक्या दगडाशी नेलं आणि ती ओळ वाचून दाखवली. *इथे एक शिपाई झोपला होता.* बाकी काही नाही. मी विचारलं, "मग आमंत्रणात तसं का नाही लिहिलंत?" तर ती लाजली. नगरपालिकेत म्हणे दोन महिने वाद चालला. सैनिकाच्या घरी पत्र पाठवून "तुम्ही झोपला होतात" कसं लिहायचं? त्याचा अपमान होईल. म्हणून गोलमोल लिहिलं. बघ, तू त्यांच्यापासून लपवतोयस आणि ते तुझ्यापासून! सभ्यपणाच्या नावाखाली माणसं किती वेळ फुकट घालवतात.

आता ऐक, गोड न करता सांगते.

पलीकडचा काठ जळत होता. माणसं पुलाशी आली तेव्हा त्यांना वायरी दिसल्या आणि टेकाडावर तू दिसलास, हात हँडलवर, मान खाली. परत फिरायला जागा नव्हती. या मास्तरणीची आई, बेकरीवाली, पुढं झाली. तिनंच सगळ्यांना बूट काढायला लावले. ती भिजवलेली कणीक सोबत घेऊन निघाली होती, ती तिनं शेळ्यांच्या घंटांमध्ये कोंबली. तान्ह्या पोरांना पदराखाली घेतलं. म्हाताऱ्यांनी खोकला गिळला. चारशे माणसं तुझ्यापासून पंधरा पावलांवरून गेली. शेवटी बेकरीवाली टेकाड चढली आणि आपला कोट तुझ्या अंगावर घालून आली.

मी म्हटलं, "किती माया!" मास्तरीण म्हणाली, "माया कसली? आई म्हणायची, पोरगा गारठून जागा झाला असता तर सगळे मेलो असतो." मग म्हणाली, "पण तो सगळा हिवाळा तिनं कोटाशिवाय काढला. कुणी हळहळलं तर म्हणायची, झोपलेल्या पोराला पांघरूण घातलं, त्यात काय एवढं?"

तर ही आपली कोटवाली. वारून वीस वर्षं झाली. आपल्या आईला कळायला हवं होतं.

आता तुझा प्रश्न. मी विचारला. तुझं स्वप्न तिला इंग्रजीत सांगितलं, शेळीसकट. शेळीपाशी आले तशी ती मटकन दगडावर बसली.

"शेळीची दोरी माझ्या हातात होती," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची. शेळी मध्येच थांबली, हलेना. मी वर पाहिलं तर त्याचे डोळे उघडे. माझ्याकडेच बघत होता. हात हँडलवर. मी आईला हाकही मारू शकले नाही. किती वेळ ते माहीत नाही. मग त्यानं डोळे मिटले, हळूच, जसं कुणी दार लावून घेतं. मी हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, गप, तो झोपेतच होता, तसंच धरून चाल."

दादा, तू लिहिलंस, जागा असतो तर दाबलं असतं. डोळे उघडे होते. पोर समोर होती. हात हँडलवर होता. आणि तू दाबलं नाहीस. याला झोप म्हणायचं की जाग, ते मी ठरवणार नाही, आणि इतक्या वर्षांनी तूही ठरवू नयेस. सगळ्याच लाइनी जोडून बघायच्या नसतात. काही चालू आहेत एवढं कळलं तरी पुरे.

मग आम्ही पूल ओलांडला. मीही. दगड बर्फासारखे गार, बूट हातात, पुढंमागं शेकडो माणसं आणि ती सरसर, तू लिहिलीस तशीच. धुक्यात टेकाड दिसत नव्हतं, पण चालताना प्रत्येक जण त्या बाजूला एकदा बघत होता आणि पाय आणखी अलगद टाकत होता. मीही टाकले. माझ्यासारखी बाई, जिनं जन्मात कधी आवाज खाली घेतला नाही! मला तेरा वर्षांची मी आठवले, हातात कागदी पिशवी घेतलेली. ती थोबाडीत मी तिथं नदीत सोडून दिली.

पदक घेतलं. त्यांनी म्हटलं, हे झोपेसाठीच आहे, तेव्हा हरकत नव्हती. पुढच्या आठवड्यात निघते. वहिनीला सांग, कोट परत पाठवू का म्हणून मी मास्तरणीला विचारलं होतं. ती म्हणाली, "तो ज्याच्या अंगावर घातला त्याचा."

मिरची


३ मे

वन्सं,

तुम्ही परत याल तेव्हा हे पत्र तुमच्या दाराखाली पडलेलं असेल.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. यांनी खिडकीशी उभं राहून वाचलं, मग मला दिलं आणि म्हणाले, "तूही वाच." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी वाचेपर्यंत घड्याळं पुसत बसले होते. किल्ल्या दिल्या नाहीत, नुसती पुसली.

जेवण झाल्यावर म्हणाले, "जरा पडतो." मला वाटलं खुर्चीत. भांडी आवरून आत गेले तर पलंगावर! कुशीवर, गुडघे पोटाशी, उजवा हात उशीखाली. घोरताहेत, कशाला खोटं सांगू, चांगले जोरात. तेव्हापासून हे झोपलेलेच आहेत. मध्यरात्री उठून पाणी प्यायले, "ती माणसं गेली सगळी, पलीकडे पोचली," असं काहीतरी म्हणाले, आणि परत आडवे झाले. आज सकाळी दूधवाला घंटी वाजवायला लागला, त्याला मी जिन्यातच गाठून गप्प केलं. शेजारीण मिक्सर लावणार होती, तिला म्हटलं, नंतर लावा, आमच्याकडे झोपलेत. ती म्हणाली, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे. म्हणूनच."

सकाळी जरा गारवा होता. ट्रंकेतून कोट काढला आणि यांच्या अंगावर घातला. फाटका खिसा मी मागेच शिवून टाकलाय, कुणाचा का असेना म्हणून.

माझ्या घरातल्या सपाता फरशीवर फार वाजतात. त्या हातात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि तुम्हाला लिहायला बसले. उठले की तुम्हाला पत्र लिहिल्याचं सांगेन. पण मी उठवणार नाही.

वहिनी